विश्लेषण : हिरवे डोंगर गुलाबी का दिसतात? अवरक्त छायाचित्रणाची कला काय आहे, तिच्यावरून वाद का?

डोंगरउतारावरचे गवत गुलाबी, झाडे किरमिजी आणि त्यातून वाहणारी काळपट नदी. पूर्व काँगोतील ही छायाचित्रे पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती संगणकावर रंगवली असावीत असे वाटते. प्रत्यक्षात आयरिश छायाचित्रकार रिचर्ड मॉस यांनी ती अवरक्त म्हणजेच इन्फ्रारेड प्रकाश टिपणाऱ्या फिल्मवर घेतली आहेत. डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशात निसर्ग टिपण्याची ही पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे. तिच्यामागचे विज्ञान आणि तिच्यावरून झालेला वाद, दोन्ही समजून घेण्यासारखे आहेत.

अवरक्त प्रकाश म्हणजे काय?

माणसाच्या डोळ्याला साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिसतो. तांबड्या रंगाच्या पलीकडे, म्हणजे ७०० नॅनोमीटरनंतर अवरक्त प्रकाश सुरू होतो. निसर्गछायाचित्रणात प्रामुख्याने ७०० ते ९०० नॅनोमीटरचा पट्टा वापरला जातो. अवरक्त छायाचित्र म्हणजे उष्णतेचे चित्र, हा मोठा गैरसमज आहे. शरीराची उष्णता टिपणारे थर्मल कॅमेरे याहून कितीतरी लांब तरंगलांबीवर काम करतात. येथे टिपला जातो तो वस्तूंवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाशच, फक्त आपल्याला न दिसणारा.

झाडे पांढरी आणि आकाश काळे का?

पानांतील हरितद्रव्य तांबडा आणि निळा प्रकाश शोषून घेते, म्हणून पाने हिरवी दिसतात. अवरक्त प्रकाश मात्र ते जवळपास शोषत नाही. पानाच्या आतील पेशी आणि त्यांमधील हवेच्या पोकळ्यांवर आदळून हा प्रकाश विखुरतो आणि त्यातला बराचसा, निरोगी पानात साधारण निम्मा, बाहेर परततो. त्यामुळे कृष्णधवल अवरक्त छायाचित्रात झाडांवर बर्फ पडल्यासारखे दिसते. निरभ्र आकाशाचे उलट होते. हवेतील रेणू निळा प्रकाश जास्त आणि अवरक्त प्रकाश फारच कमी विखुरतात, म्हणून आकाश काळपट येते आणि ढग उठून दिसतात. पाणी अवरक्त प्रकाश शोषत असल्याने तळी काळीशार दिसतात. विरळ धुरक्यापलीकडचे डोंगरही स्पष्ट होतात. दाट धुक्यात मात्र हा उपाय चालत नाही.

सुरुवात कोणी केली?

अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वूड यांनी १९१० मध्ये अशी निसर्गचित्रे प्रसिद्ध केली. पाने पांढरी दिसण्याला आजही ‘वूड इफेक्ट’ म्हणतात. नावात ‘वूड’ असले तरी त्याचा लाकडाशी संबंध नाही. पुढे हे तंत्र लष्कराच्या उपयोगी पडले. दुसऱ्या महायुद्धात कोडॅकने रंगीत अवरक्त फिल्म विकसित केली. तिच्यावर अवरक्त प्रकाश लाल, तांबडा प्रकाश हिरवा आणि हिरवा प्रकाश निळा उमटतो. जिवंत झाडी लाल किंवा गुलाबी दिसते, पण हिरवा रंग फासलेला रणगाडा वा तोफ तशी दिसत नाही. झाडीत लपवलेला शत्रू विमानातून ओळखण्यासाठी हा फरक पुरेसा होता.

युद्धानंतर वनसर्वेक्षण आणि पीक पाहणीत ही फिल्म रुळली. उपग्रहांनीही हीच रंगपद्धत उचलली. १९८८ मध्ये सोडलेल्या ‘आयआरएस-१ए’पासून भारतीय दूरसंवेदन उपग्रहांच्या चित्रांत उभी पिके आणि जंगले लाल दाखवली जातात, ती याच कारणाने. कलाकारांनाही या रंगांची भुरळ पडली. जिमी हेंड्रिक्सच्या ‘आर यू एक्स्पिरियन्स्ड’ या १९६७ च्या अल्बमच्या अमेरिकी आवृत्तीचे मुखपृष्ठ अशाच फिल्मवर टिपलेले आहे.

काँगोतील छायाचित्रांवरून वाद का?

कोडॅकने २००९ मध्ये ‘एरोक्रोम’ ही रंगीत अवरक्त फिल्म बंद करण्याचे जाहीर केले. त्यानंतर, २०१० पासून मॉस उरलीसुरली फिल्म घेऊन पूर्व काँगोत जात राहिले. तेथील संघर्षात लाखो माणसे मेली, तरी जगाच्या बातम्यांत त्याला फारशी जागा नव्हती. लपलेला शत्रू शोधणारी फिल्म न दिसणारे युद्ध दाखवण्यासाठी वापरायची, ही मॉस यांची कल्पना. ‘इन्फ्रा’ या मालिकेत गुलाबी टेकड्या आहेत, तसेच त्या टेकड्यांत उभे असलेले बंदूकधारी बंडखोरही आहेत. त्यातूनच तयार झालेली ‘द एन्क्लेव्ह’ ही सहा पडद्यांवरची चित्रफीत २०१३ च्या व्हेनिस बिएनालेत आयर्लंडतर्फे सादर झाली. २०१४ मध्ये मॉस यांना डॉइश बोर्स छायाचित्रण पुरस्कार मिळाला.

टीकाकारांचा आक्षेप असा, की ज्या भूमीत हत्या आणि बलात्कार झाले ती स्वप्नासारखी सुंदर दाखवणे म्हणजे दुःखाची सजावट करणे. समर्थकांच्या मते, नेहमीची युद्धछायाचित्रे पाहून नजर बोथट झाली आहे. गुलाबी डोंगर प्रेक्षकाला आधी थांबवतो आणि मग अस्वस्थ करतो, कारण आपल्याला हे सुंदर का वाटले, हा प्रश्न त्याची पाठ सोडत नाही. मॉस यांनी पुढेही हाच मार्ग धरला. २०१७ मधील ‘इनकमिंग’मध्ये त्यांनी निर्वासितांचे स्थलांतर लष्करी थर्मल कॅमेऱ्याने टिपले.

आज असे छायाचित्र कसे काढतात?

डिजिटल कॅमेऱ्याचा सेन्सर मुळातच अवरक्त प्रकाश टिपू शकतो. रंग बिघडू नयेत म्हणून कंपन्या त्याच्यापुढे हा प्रकाश अडवणारी काच बसवतात. टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबल्यास अनेक फोनमध्ये जांभळट ठिपका लुकलुकताना दिसतो. तो ही काच चुकवून आलेला अवरक्त प्रकाशच असतो.

छायाचित्रणासाठी दोन मार्ग आहेत. लेन्सवर ७२० नॅनोमीटरचा गडद फिल्टर लावला, तर तेवढाच प्रकाश आत जातो, पण शटर काही सेकंद उघडे ठेवावे लागते आणि ट्रायपॉडशिवाय काम होत नाही. वाऱ्याने पाने हलली तर चित्र पुसट येते. दुसरा मार्ग म्हणजे कॅमेरा उघडून ती काच कायमची काढून घेणे. मग हातात धरूनही छायाचित्र काढता येते, पण तो कॅमेरा नेहमीच्या रंगांसाठी तसाच वापरता येत नाही. इतर निसर्गछायाचित्रकार टाळतात ती भर दुपारची कडक उन्हे येथे सोयीची ठरतात.

मग ही छायाचित्रे खरी की खोटी?

पानांवरून परतलेला प्रकाश खरा असतो. त्याला कोणता रंग द्यायचा, हे मात्र फिल्म बनवणारा किंवा छायाचित्रकार ठरवतो. अवरक्त प्रकाशाला स्वतःचा असा रंगच नाही, कारण रंग ही आपल्या डोळ्यांची आणि मेंदूची भाषा आहे. एका अर्थी नेहमीचा हिरवा डोंगरही संपूर्ण सत्य नसतो. त्याच्यावरून येणाऱ्या प्रकाशाचा आपल्याला दिसेल तेवढाच तो भाग असतो. म्हणूनच अशा छायाचित्राखाली ते अवरक्त असल्याची नोंद महत्त्वाची. ती असली तर पाहणाऱ्याची फसवणूक होत नाही. गुलाबी डोंगराच्या आड कोणाचे दुःख आहे, हे सांगण्याची जबाबदारी मात्र छायाचित्रकारावर राहतेच.