चार सेकंद, बेचाळीस किलोमीटर आणि एक जुनी शंका

चार सेकंदांत काय होतं? मोबाइलचं लॉक उघडून एक नोटिफिकेशन बघितलं की संपले. २०२४ च्या महिलांच्या टूर द फ्रान्समध्ये पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकात एवढाच फरक होता. आठ टप्पे, चोवीस तासांहून जास्त वेळ सायकलवर, शेवटी आल्प द्युएझचा एकवीस वळणांचा घाट आणि हिशेब झाला चार सेकंदांचा! पोलंडची काशा न्येव्यादोमा जिंकली, नेदरलँड्सची डेमी वोलरिंग हरली.

गंमत म्हणजे न्येव्यादोमानं त्या स्पर्धेत एकही टप्पा जिंकला नव्हता. वोलरिंगनं दोन जिंकले, त्यात आल्प द्युएझचा शेवटचाही. पण पाचव्या टप्प्यात शेवटचे काही किलोमीटर उरले असताना ती पडली आणि तिथं पावणेदोन मिनिटं गेली. ती काही परत आली नाहीत.

टप्प्यांची शर्यत म्हणजे बेरजेचा खेळ. ज्याची एकूण वेळ सगळ्यांत कमी, तो विजेता. पुरुषांमध्येही २०१७ ला ख्रिस फ्रूम आणि २०१९ ला एगन बर्नाल एकही टप्पा न जिंकता पिवळी जर्सी घालून पॅरिसला पोहोचले. आणि उलटं उदाहरण हवं असेल तर मार्क कॅव्हेंडिश. २०२४ मध्ये त्यानं ३५ वा टप्पा जिंकून एडी मर्क्सचा ३४ चा विक्रम मोडला. त्याच वर्षी एकूण वेळेच्या यादीत तो अगदी तळाशी होता. सेमिस्टरच्या भाषेत सांगायचं तर एका विषयात टॉपर आणि एसजीपीए मात्र काठावर पास!

बरं, ही बेरीजसुद्धा दिसते तेवढी सरळ नाही. सपाट रस्त्यावर शे-दीडशे जण एकाच घोळक्यात रेषा ओलांडतात आणि नियमाप्रमाणे सगळ्यांना एकच वेळ मिळते. म्हणजे पुरुषांच्या २१ टप्प्यांपैकी बऱ्याच टप्प्यांत आघाडीच्या खेळाडूंमधला फरक शून्य असतो. खरा निकाल लागतो तो चार-पाच घाटांमध्ये, घड्याळाविरुद्धच्या एकट्याच्या शर्यतीत आणि कुणी पडलं तर तिथं. स्टॅटिस्टिक्सच्या सरांना विचारा, अशा डेटाची ‘सरासरी’ काढून काय कळतं ते.

तरी एक सरासरी अशी आहे, जिच्यावरून दर जुलैमध्ये वाद पेटतो. विजेत्याचा ताशी वेग.

१९०३ च्या पहिल्या टूरमध्ये तो सुमारे २५.७ किलोमीटर होता. साठ जण निघाले, एकवीस पोहोचले आणि मॉरिस गारँ जवळपास तीन तासांच्या फरकानं जिंकला. १९२६ ची टूर सगळ्यांत लांब, ५,७४५ किलोमीटर, तीही फक्त १७ टप्प्यांत. म्हणजे एका टप्प्याला सरासरी ३३८ किलोमीटर! वेग पडला ताशी २४ वर. १९८९ ला ग्रेग लेमाँडनं लोराँ फिन्योंला आठ सेकंदांनी हरवलं, तेव्हा वेग ३७.५ होता. चाळिशी ओलांडली १९९९ मध्ये. २००५ ला ४१.६५.

आता इथं जरा थांबा. १९९९ ते २००५ या सात वर्षांचा विजेता लान्स आर्मस्ट्राँग. उत्तेजक द्रव्यांच्या प्रकरणात २०१२ मध्ये त्याची सगळी विजेतेपदं काढून घेतली गेली, आणि त्या सात वर्षांपुढं आज विजेत्याचं नाव कोरं आहे. आकडा मात्र तसाच राहिला. पुढची सतरा वर्षं तो कुणाला मोडता आला नाही. मग २०२२ ला योनास विंगेगार्डनं ४२ चा टप्पा ओलांडला आणि २०२५ ला तादेय पोगाचारनं आपली चौथी टूर जिंकली तेव्हा वेग होता सुमारे ४२.८.

म्हणजे आजचे सायकलपटू आर्मस्ट्राँगपेक्षा वेगवान आहेत. मग हे कसं काय?

उत्तराचा मोठा भाग फिजिक्समध्ये आहे. सपाटीवर एकट्यानं सायकल चालवताना ताकद मुख्यतः हवा कापण्यात जाते आणि ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ४० चे ४२ करायचे तर वेग वाढतो फक्त पाच टक्के, ताकद लागते जवळपास पंधरा टक्के जास्त. त्यामुळे हवेचा विरोध थोडा जरी कमी केला तरी मोठा फायदा. घट्ट कपडे, हेल्मेट, चाकं, बसण्याची पद्धत, सगळं आता विंड टनेलमध्ये तपासून घेतलं जातं. शिवाय खाणं. पूर्वी तासाला साठ ग्रॅम कार्बोहायड्रेट पुष्कळ मानत, आता आघाडीचे खेळाडू १२० ग्रॅमपर्यंत जातात. साखरेचे चोवीस चमचे, दर तासाला, तेही पेडल मारता मारता! नुसतं पचवायलाही सराव लागतो. आणि टप्पे छोटे झालेत. २०२४ ला एका टप्प्याची सरासरी होती १६७ किलोमीटर, १९२६ च्या निम्मी.

म्हणून सरासरी वेगावरून कुणाला चोर किंवा साव ठरवणं मला पटत नाही. वारा कुठून होता, डोंगर किती होते, पहिल्या तासात घोळका किती पेटला होता, यावर तो आकडा हलतो. सपाटीवरच्या सर्वांत वेगवान टप्प्याचा विक्रम अजूनही १९९९ चाच आहे, मारिओ चिपोलिनीचा, ताशी ५०.३५५.

पण घाटाचं काय? चढावर वेग कमी, त्यामुळे हवेचा भाग कमी आणि उरतं ते शरीर, वजन आणि ताकद. पिरनीज पर्वतात प्लातो द बेय नावाचा चढ आहे, सोळा किलोमीटरच्या आसपास. १९९८ ला मार्को पँतानीनं तो साधारण साडेत्रेचाळीस मिनिटांत चढला. त्याच टूरमधल्या पँतानीच्या जुन्या नमुन्यांत ईपीओ सापडल्याचं २०१३ मध्ये फ्रेंच सिनेटच्या अहवालातून बाहेर आलं. २०२४ ला पोगाचारनं तोच चढ चाळीस मिनिटांच्या आत संपवला. साडेतीन मिनिटांहून जास्त फरक! सायकल हलकी झाली म्हणावं तर तेही नाही, ६.८ किलोची किमान मर्यादा २००० पासून तशीच आहे.

पोगाचारची एकही चाचणी आजवर पॉझिटिव्ह आलेली नाही आणि २००८ पासून खेळाडूंच्या रक्ताच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवल्या जातात, हे सांगायलाच हवं. आर्मस्ट्राँगही शेकडो चाचण्यांतून सुटला होता, हेही. चांगलं खाणं, चांगले टायर, पायथ्यापासून संघातल्या साथीदारांनी ओढलेला वेग, हे सगळं धरून साडेतीन मिनिटं भरतात का, यावर सायकलिंगच्या जगात आकडेमोड करणारे अजून भांडतायत. माझं मत विचाराल तर मी पोगाचारला बघताना टाळ्या वाजवतो आणि स्टॉपवॉचही चालू ठेवतो.

आपल्याकडे मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात, त्यामुळे चढाचं महत्त्व वेगळं सांगायला नको. २०२६ च्या पुरुषांच्या टूरमध्ये आल्प द्युएझ लागोपाठ दोन दिवस ठेवलाय. तिथली पँतानीची वेळ साडेसदतीस मिनिटांच्या आसपासची, नव्वदच्या दशकातली. पायथ्याची कमान दिसली की घड्याळ सुरू करा.