सोलापूरचे ऊन आणि विज्ञानाचा तास

माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली दहा लक्ष डॉलरांचे ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले आणि त्यातील अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली, तेव्हा सोलापूर जिल्ह्याचे नाव जगभर गाजले. पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडबद्दल त्यांची वाखाणणी झाली, ती यथार्थच होय. परंतु स्वतःच्या घरी उभारलेल्या ज्या प्रयोगशाळेतून ते देशोदेशींच्या वर्गांना प्रयोग दाखवीत, ती मला अधिक मोलाची वाटते. कारण बालबुद्धीला विज्ञान पटते ते डोळ्यांदेखत घडलेल्या गोष्टीतून, आणि तशा गोष्टी घडविण्यास दरवेळी सरकारी मंजुरीची अथवा खर्चाच्या तरतुदीची वाट पाहावी लागत नाही.

सोलापुरात मुबलक काय, असे विचारले तर कोणीही ऊन हेच उत्तर देईल. त्या उन्हात, शाळेच्या पटांगणात, मीटरभर उंचीची काठी ओळंबा लावून सरळ रोवावी आणि जूनमध्ये शाळा उघडल्यापासून दर सोमवारी दुपारी तिच्या सावलीच्या टोकाशी मुलांनी दर पाच मिनिटांनी खडूने खूण करावी. घड्याळात बारा वाजून गेले तरी सावली आखडतच राहते आणि साडेबाराच्या सुमारास कुठे सर्वांत लहान होते, हे मुलांच्याच ध्यानात येऊ द्यावे. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखावृत्ताची आहे आणि सोलापूर त्याच्या पश्चिमेस सुमारे साडेसहा अंशांवर वसले आहे, हा खुलासा मुलांनी प्रश्न विचारल्यावर करावा, त्याआधी नव्हे.

याहून मोठा अचंबा पुढेच आहे. जूनअखेरीस ही मध्यान्हीची सावली जेमतेम दहा सेंटिमीटर भरते, आणि ती पडते चक्क दक्षिणेस. पुढे ती आखडत आखडत ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात नाहीशी होते, मग उत्तरेकडे वळते आणि डिसेंबरअखेरीस ८७ सेंटिमीटरांच्या घरात जाते. सोलापूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा, मे महिन्यात व ऑगस्टमध्ये, येथे अगदी माथ्यावर येतो. दिल्लीच्या मुलांना हा योग कधीच लाभत नाही. चौथीतल्या मुलाला अक्षांशांचा हिशेब उमजला नाही तरी चालेल. पण सूर्य रोज दुपारी डोक्यावरच असतो, ही पुष्कळ थोरांचीही समजूत खोटी आहे, हे त्याने आपल्या हातांनी मोजलेले असते.

ढगाळ दिवसांसाठी सोलापुरी टॉवेल आहेच. त्याची जुनी पट्टी भिजवून एक टोक भरल्या पेल्यात व दुसरे शेजारच्या रिकाम्या पेल्यात सोडावे. धाग्यांमधील बारीक फटींतून पाणी चढते आणि दोन्हींची पातळी सारखी होईपर्यंत वाहत राहते. समईच्या वातीत तेल चढते तेही याच न्यायाने. पाणी कुठवर जाईल याविषयी प्रत्येकाचा अंदाज आधी फळ्यावर लिहून घ्यावा.

ऑगस्टातला नेमका तो शून्य सावलीचा दिवस ढगांनी हिरावला, तरी शिक्षकांनी हिरमुसू नये. आधीच्या व नंतरच्या नोंदी चौकटीच्या कागदावर मांडून, ठिपके जोडून, सावली कोणत्या दिवशी शून्यावर आली असेल हे मुलांनीच काढावे.