जामखेड : शिकवणारी शेजारीण
डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. बाहेरून परिचारिका नेमण्यापेक्षा गावातलीच बाई शिकवून तयार करायची, ही त्यांची वाट. बऱ्याच जणी निरक्षर, कितीतरी दलित. आठवड्यातून एकदा त्या केंद्रावर येत, नवा विषय शिकत आणि गावात काय घडले ते एकमेकींना सांगत. हगवण लागलेल्या बाळाला मीठ-साखरेचे पाणी कसे पाजायचे, गरोदरपणी काय खायचे, हे मग ओळखीच्या तोंडून घरोघरी पोहोचे. असा कार्यक्रम चालवताना खरा कस लागतो तो या निवडीत आणि नियमित भेटीत, भित्तिपत्रके नंतरची. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.