ग्रसिका कर्करोगाचा औषधी प्रतिबंध

एका विकारासाठी प्रचारात असलेले औषध वेगळ्या विकारासाठी उपयोगात आणणे, यास औषधाचे पुनर्योजन म्हणतात. अशा औषधाचे गुणदोष दीर्घ अनुभवाने ज्ञात असतात व त्याची किंमतही बहुधा कमी असते. ग्रसिकेच्या (अन्ननलिकेच्या) कर्करोगाच्या संदर्भात या दृष्टीने ॲस्पिरिनाचा विशेष अभ्यास झाला आहे.

वेदनाशामक म्हणून ॲस्पिरीन १८९९ मध्ये प्रचारात आले. ते प्रोस्टाग्लँडिनांच्या निर्मितीस अटकाव करते, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखविले. ही द्रव्ये शोथास (दाहयुक्त सुजेस) कारणीभूत होतात आणि दीर्घकाळ टिकणारा शोथ कर्करोगास पोषक ठरतो.

ग्रसिका कर्करोगाचे पट्टकी (चपट्या) कोशिकांचा व ग्रंथिल असे दोन मुख्य प्रकार आहेत. जठरातील अम्ल वारंवार वर येऊन ग्रसिकेच्या खालच्या भागाचे अस्तर बदलते. या स्थितीस ‘बॅरेट ग्रसिका’ म्हणतात व तीतून ग्रंथिल कर्करोग उद्भवू शकतो. अशा २,५५७ रुग्णांवर ब्रिटन व कॅनडात केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. अम्लनिर्मिती रोखणारे इसोमेप्रॅझोल मोठ्या मात्रेत ॲस्पिरिनासह दिले असता सर्वाधिक लाभ आढळला. तथापि हा लाभ मृत्यू, कर्करोग व तीव्र कर्कपूर्व बदल यांचा एकत्रित विचार करून मोजलेला होता. केवळ कर्करोगातील घट स्वतंत्रपणे सिद्ध झाली नाही.

भारतात पट्टकी कोशिकांचा प्रकार अधिक आढळतो. तंबाखू व मद्य ही त्याची प्रमुख कारणे असल्याने वरील निष्कर्ष येथे जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. मुंबईत लालबागलगतच्या परळ भागात १९४१ मध्ये सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय ज्या केंद्राचा भाग आहे, त्या टाटा स्मारक केंद्राने ब्रिटन व आयर्लंडबरोबर एका मोठ्या चाचणीत भाग घेतला. २०१५ मध्ये सुरू झालेल्या या चाचणीत ग्रसिका व जठर यांच्या कर्करोगांसह चार गटांतील रुग्णांना मूळ उपचारांनंतर दररोज १०० किंवा ३०० मिग्रॅ. ॲस्पिरीन अथवा औषधहीन गोळी देण्याची योजना होती. रोग उलटण्यास प्रतिबंध होतो काय, हे पाहणे हा तिचा हेतू होय.

ॲस्पिरिनामुळे जठरात व क्वचित मेंदूत रक्तस्राव होतो. म्हणून निरोगी व्यक्तीने ते वैद्यकीय सल्ल्यावाचून नित्य घेणे धोक्याचे आहे. तंबाखू व मद्य वर्ज्य करणे, हाच भारतात या रोगाच्या प्रतिबंधाचा मुख्य उपाय होय. [→ कर्करोग].