ट्रेलरविरहित ट्रॅक्टर आणि वजनतपासणी : मोटार वाहन कायद्यातील तरतुदींचा अन्वयार्थ (वरोरा परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा हे नागपूर-चंद्रपूर मार्गावरील तालुक्याचे ठिकाण आहे. वेस्टर्न कोलफिल्ड्स लिमिटेडच्या माजरी व वणी क्षेत्रांतील कोळसा खाणी, चंद्रपूरचे महाऔष्णिक विद्युत केंद्र, राजुरा-कोरपना पट्ट्यातील सिमेंट उद्योग आणि बल्लारपूरचा कागद कारखाना यांमुळे या परिसरात जड वाहनांची वर्दळ अहोरात्र सुरू असते. वाहनचालक, क्लीनर, काट्यावरील कर्मचारी अशा कामांवर उपजीविका करणाऱ्या कुटुंबांतील मुले-मुली आपल्या महाविद्यालयांतून शिक्षण घेतात. त्यामुळे जड वाहनांच्या वजनासंबंधीचा कायदा हा केवळ परिवहन विभागाचा विषय राहत नाही, तर तो आपल्या सामाजिक परिसराचाही विषय ठरतो.

मालाने भरलेल्या ट्रकचे वजन का करावे, हे सर्वांना समजते. परंतु ट्रेलर सोडून एकटेच परत निघालेले ओढणारे वाहन, ज्याला वाहतूक व्यवसायात ‘हॉर्स’ किंवा ‘पुलर’ असे म्हटले जाते, त्याला वजनकाट्यावर नेणे चालकावर बंधनकारक आहे काय? प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. मात्र त्याच्या उत्तरावर चालकाचे हजारो रुपये अवलंबून असतात. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या आधारे विचार करण्याचा प्रयत्न केला आहे.

उद्दिष्टे :

१) ट्रॅक्टर, ट्रेलर व अर्धट्रेलर या संज्ञांचा कायदेशीर अर्थ स्पष्ट करणे.
२) वजनतपासणीविषयक तरतुदी ट्रेलरविरहित ट्रॅक्टरला कितपत लागू होतात हे पाहणे.
३) रिक्त वजनाच्या नोंदीचे व्यावहारिक महत्त्व विशद करणे.

संकल्पनांचे स्पष्टीकरण :

‘ट्रॅक्टर’ म्हटले की आपल्यासमोर शेतीचे यंत्र उभे राहते. अधिनियमाच्या कलम २ मधील व्याख्या त्याहून व्यापक आहे. जे मोटार वाहन स्वतः कोणताही भार वाहून नेण्यासाठी बांधलेले नाही, ते ट्रॅक्टर होय. रोड रोलर मात्र त्यातून वगळलेला आहे. मोटार वाहनाने ओढले जाणारे वाहन म्हणजे ट्रेलर. अर्धट्रेलरचा काही भाग ओढणाऱ्या वाहनावर टेकलेला असतो आणि त्याच्या वजनाचा काही अंश ते वाहन पेलते. असा अर्धट्रेलर जोडलेल्या मोटार वाहनास कायद्यात स्वतंत्र संज्ञा आहे. व्यवहारात मात्र या संपूर्ण जोडवाहनाला सरसकट ‘ट्रेलर’ म्हणतात आणि गोंधळाची सुरुवात येथूनच होते.

‘रिक्त वजन’ ही दुसरी महत्त्वाची संज्ञा होय. वाहनाचे, त्यावर नेहमी वापरल्या जाणाऱ्या साहित्यासह येणारे वजन म्हणजे रिक्त वजन. त्यात चालक व मदतनीस यांचे वजन धरले जात नाही. पर्यायी भाग वापरले जात असल्यास सर्वांत जड भागासह येणारे वजन ग्राह्य धरले जाते. ‘एकूण वाहन वजन’ म्हणजे वाहन व भार मिळून नोंदणी प्राधिकाऱ्याने प्रमाणित केलेली कमाल मर्यादा होय. कलम ५८ नुसार परिवहन वाहनाच्या नोंदणी प्रमाणपत्रात रिक्त वजन, टायरांची संख्या व आकार, एकूण वजन आणि प्रत्येक आसावरील नोंदणीकृत वजन यांची नोंद करावी लागते.

वजनमर्यादांची सद्यःस्थिती :

केंद्र शासनाने जुलै २०१८ च्या अधिसूचनेद्वारे वजनमर्यादा वाढविल्या. दोन आसांच्या ट्रकची मर्यादा १६.२ टनांवरून १८.५ टन, तीन आसांच्या ट्रकची २५ टनांवरून २८.५ टन आणि जोडवाहनाची कमाल मर्यादा ४९ टनांवरून ५५ टन झाली. चार टायरांच्या एकेरी आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन करण्यात आली. या मर्यादांमागे रस्त्याच्या आयुर्मानाचा विचार आहे. अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात इलिनॉय राज्यातील ओटावा येथे झालेल्या रस्ता चाचणीतून असे अनुमान निघाले की, रस्त्याची हानी आसावरील भाराच्या साधारणतः चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. म्हणजेच आसावर २० टक्के अधिक भार टाकल्यास हानी दुपटीहून थोडी अधिक होते.

वजनतपासणीचा अधिकार व त्याच्या अटी :

कलम ११३ अन्वये दोन गोष्टींना मनाई आहे. नोंदणी प्रमाणपत्रातील रिक्त वजनापेक्षा अधिक रिक्त वजनाचे वाहन चालविणे ही पहिली, तर प्रमाणित एकूण वजनापेक्षा अधिक भारासह वाहन चालविणे ही दुसरी. कलम ११४ अन्वये राज्य शासनाने अधिकृत केलेल्या अधिकाऱ्यास वाहन काट्यावर नेण्याचा आदेश देता येतो. त्यासाठी पुढील अटी आहेत :

१) कलम ११३ चा भंग होत आहे असे मानण्यास अधिकाऱ्याकडे कारण असले पाहिजे.
२) वाहन मालवाहू वाहन किंवा ट्रेलर असले पाहिजे.
३) काटा पुढील मार्गावरील कोणत्याही ठिकाणापासून १० किलोमीटरच्या आत किंवा गंतव्यस्थानापासून २० किलोमीटरच्या आत असला पाहिजे.

यावरून एक बाब स्पष्ट होते. या कलमाची रचना अशी आहे की प्रत्येक ट्रकने प्रत्येक काट्यावर आपणहून थांबावे असे सर्वसाधारण कर्तव्य त्यातून निर्माण होत नाही. आदेश मिळाल्यानंतरच बंधन येते. अमेरिकेची पद्धती याहून भिन्न आहे. तेथे महामार्गांवर कायमस्वरूपी वजनतपासणी केंद्रे असून कोणत्या वाहनाने थांबावे याचे नियम राज्यागणिक बदलतात. ट्रेलरविरहित ट्रॅक्टरलाही अनेक राज्यांत थांबावे लागते, कारण त्या केंद्रांवर वजनासोबत कागदपत्रे, चालकाचे कामाचे तास आणि वाहनाची यांत्रिक स्थिती यांचीही तपासणी होते.

ट्रेलरविरहित ट्रॅक्टरचे स्थान :

ट्रॅक्टर स्वतः भार वाहून नेण्यासाठी बांधलेला नसतो. त्यामुळे एकट्या ट्रॅक्टरच्या बाबतीत अतिरिक्त मालाचा प्रश्न सहसा उद्भवत नाही आणि ‘मानण्यास कारण’ ही पहिली अट पूर्ण होणे कठीण जाते. तथापि, याचा अर्थ तो कायद्याच्या कक्षेबाहेर आहे असा नव्हे. कलम ११३ मधील रिक्त वजनाची मनाई ‘कोणत्याही मोटार वाहनास’ लागू आहे. नोंदणीनंतर अतिरिक्त इंधन टाकी बसविली, केबिन बदलली किंवा जड लोखंडी जोडकाम केले, तर मालाचा एक किलोही नसताना या कलमाचा भंग होऊ शकतो.

आता चालकाने काय करावे? ट्रॅक्टर हे कलम ११४ च्या अर्थाने मालवाहू वाहन आहे की नाही, यावर विधिज्ञांना वाद घालता येईल. परंतु तो वाद चालकाने रस्त्यावर घालू नये, असे प्रस्तुत लेखकास वाटते. याचे कारण कलम १९४ मध्ये आहे. २०१९ च्या सुधारणेनंतर अतिभारासाठी २०,००० रुपये आणि प्रत्येक अतिरिक्त टनामागे २,००० रुपये दंड आहे. परंतु अधिकृत अधिकाऱ्याने सांगूनही न थांबणे, वजन करू न देणे किंवा वजनापूर्वी माल उतरविणे यासाठी ४०,००० रुपये दंड आहे. हा दुसरा अपराध वाहन भरलेले आहे की रिकामे यावर अवलंबून नाही. ‘माझ्याकडे मालच नाही, मग काट्यावर कशाला येऊ’ ही चालकाची समजूत म्हणूनच महाग पडू शकते. वजन करून घेणे आणि वजनाची पावती जवळ ठेवणे हाच सुरक्षित मार्ग होय.

रिक्त वजनाची नोंद आणि काट्यावरील हिशेब :

खाणींच्या व कारखान्यांच्या काट्यांवर वाहनाचे वजन प्रथम रिकामे व नंतर भरलेले असताना केले जाते. दोहोंतील फरक म्हणजे मालाचे वजन. ट्रक एकसंध असल्यास हा हिशेब सरळ असतो, परंतु जोडवाहनात दोन स्वतंत्र वाहने असतात. उदाहरणादाखल, ट्रॅक्टरचे वजन ८ टन व अर्धट्रेलरचे ७ टन मानू. रिकाम्या जोडवाहनाचे वजन १५ टन झाले. भरल्यावर ४५ टन भरल्यास माल ३० टन ठरेल. मधल्या काळात ६ टनांचा दुसरा अर्धट्रेलर जोडला आणि जुनीच नोंद कायम राहिली, तर प्रत्यक्षात ३१ टन माल असूनही हिशेबात ३० टनच दिसेल. एका टनाची ही तफावत चूक असो वा लबाडी, तिचा जाब मात्र बहुधा चालकालाच विचारला जातो. त्यामुळे ट्रॅक्टर व अर्धट्रेलर या दोहोंचे नोंदणी क्रमांक पावतीवर असणे आवश्यक ठरते. काट्याची अचूकता हाही याच साखळीतील दुवा आहे. वैधमापन अधिनियम, २००९ अन्वये वजनकाट्याची नियतकालिक पडताळणी व मुद्रांकन बंधनकारक आहे.

येथे एक तांत्रिक बाब नमूद करणे योग्य ठरेल. अर्धट्रेलर सुटल्यावर ट्रॅक्टरच्या मागील आसावरील भार बराच कमी होतो. मागील चाकांची रस्त्यावरील पकड घटते आणि ओल्या रस्त्यावर जोराने ब्रेक लावल्यास वाहन घसरण्याची शक्यता वाढते. वजनाच्या दृष्टीने निर्दोष असलेले वाहन सुरक्षिततेच्या दृष्टीने निर्धोक असतेच असे नाही.

जबाबदारी कोणाची?

अतिरिक्त माल उतरविण्याचा आदेश कलम ११४ अन्वये चालकास दिला जातो व तो त्याने स्वतःच्या जोखमीवर पाळायचा असतो. मात्र कलम ११३ नुसार चालक हा मालक नसल्यास, अपराध मालकाच्या माहितीने किंवा आदेशाने घडला असे न्यायालय गृहीत धरू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये परमजित भसीन प्रकरणात, तडजोड शुल्क भरले म्हणून अतिरिक्त भारासह पुढे जाण्याची मुभा मिळत नाही, असे स्पष्ट केले. २०१९ च्या सुधारणेने हीच भूमिका कलम १९४ मध्ये समाविष्ट केली आहे.

निष्कर्ष :

१) ट्रेलरविरहित ट्रॅक्टरने प्रत्येक काट्यावर आपणहून थांबावे असे बंधन उपरोक्त कलमांतून निघत नाही.
२) अधिकृत अधिकाऱ्याच्या आदेशानंतर वजनास नकार देणे हा स्वतंत्र व अतिभाराच्या मूळ दंडाहून दुप्पट दंडाचा अपराध आहे.
३) एकट्या ट्रॅक्टरच्या बाबतीत तपासणीचा खरा विषय माल नसून प्रमाणपत्रातील रिक्त वजन हा आहे.
४) जोडवाहनाच्या वजनपावतीवर दोन्ही वाहनांचे क्रमांक असणे चालकाच्या हिताचे आहे.

समारोप :

कायद्यातील एका संज्ञेचा अर्थ ठाऊक नसल्याने एखाद्या चालकाची महिन्याची कमाई दंडात जाऊ शकते. वाणिज्य, भूगोल, राज्यशास्त्र अशा विविध विषयांच्या प्राध्यापकांनी प्रकल्पकार्य व विस्तार उपक्रमांतून ही माहिती विद्यार्थ्यांमार्फत त्यांच्या घरापर्यंत पोहोचविली, तर महाविद्यालय आणि परिसर यांचे नाते अधिक अर्थपूर्ण होईल, अशी अपेक्षा आहे.