गाडी उंच करण्यापूर्वी कमान मोजा

गांधीबागेत कापडाचा धंदा करायचा म्हणजे नुसते गादीवर बसून भागत नाही. सणासुदीच्या आधी उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी या वाटेवरच्या दुकानदारांना माल पोचवावा लागतो. मोठा रस्ता सोडून आतल्या गावांकडे वळलो की काळी माती सुरू होते. ही माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, आणि तिच्यावरचा रस्ता फार दिवस सपाट राहत नाही. वरून ट्रॅक्टरच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या. गाठींनी भरलेली गाडी अशा रस्त्यावर पोटाने घासू लागली की मालकाच्या मनात एकच विचार येतो, गाडी दोन-तीन इंच उंच करून घ्यावी.

आमच्याही मनात तोच विचार आला. हे काम आम्ही करून घेतले, चुकीचे करून घेतले, आणि मग दुरुस्त केले. तो तजुर्बा आमच्या व्यापारी बंधूंच्या आणि गॅरेज चालवणाऱ्या कारागीर बंधूंच्या कामी यावा, म्हणून येथे मांडत आहोत.

तीन इंचांची हौस

आमची गाडी बोलेरो, आठ वर्षे मालाखाली वापरलेली. नव्या गाडीला जमिनीपासून १८० मिलिमीटर, म्हणजे सुमारे सात इंच मोकळी जागा असते. आम्हाला ती कमी वाटू लागली. एका मिस्त्रीने मागच्या कमानी आणि आस यांच्यामध्ये तीन इंची लोखंडी ठोकळे बसवले, लांब यू-बोल्ट आवळले, पुढच्या स्प्रिंगांवर जाड चकत्या टाकल्या. एका दिवसात काम आटोपले. गाडी रुबाबदार दिसू लागली आणि आम्हीही खूश झालो.

पंधरा दिवसांनी माल भरून उमरेडकडे जात असताना एक बैल आडवा आला. ब्रेक दाबला, पण गाडी नेहमीच्या अंतरात थांबेना. स्टीअरिंग फिरवले तशी ती एका अंगावर अशी झुकली की आता उलटते असे वाटले. शेवटी रस्त्याखाली शेतात जाऊन थांबली. शेजारी आमचा मुलगा बसला होता. अल्लाहच्या मेहरबानीने कोणाला खरचटलेही नाही, पण त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही.

उस्तादांनी दाखवलेली चूक

दुसऱ्या दिवशी गाडी कमानीचे काम करणाऱ्या एका वृद्ध उस्तादांकडे नेली. त्यांनी गाडीखाली डोकावून पहिला प्रश्न केला, "सेठ, उंच करण्याआधी मोजले होते काय?" आम्ही गप्प राहिलो.

त्यांनी आसाजवळची एक लहान दांडी दाखवली. अनेक माल-सवारी गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब वजनाप्रमाणे कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो आणि तो या दांडीने आसाला जोडलेला असतो. गाडी भरली की सांगाडा आसाजवळ येतो, व्हॉल्व्हला वजन कळते आणि मागचा ब्रेक जोरात लागतो. ठोकळे टाकल्यावर सांगाडा आसापासून तीन इंच लांब गेला. गाडी भरलेली, पण व्हॉल्व्हला वाटले रिकामी. म्हणून मागचा ब्रेक कमी लागला. ब्रेकचा रबरी पाइपही ताणला गेला होता. गाडीचे वजन तीन इंच वर गेले, चाकांमधली रुंदी मात्र तेवढीच राहिली. मग वळणावर झुकणार नाही तर काय?

दुसरी गोष्ट ऐकून आम्ही थक्क झालो. कमानीतून गाडी उंच केली तर वर जाते ती बॉडी. मागच्या आसाच्या मध्यभागी असलेला डिफरन्शियलचा गोल डबा, जो चाकोरीतल्या उंचवट्याला आधी घासतो, तो एक सूतही वर जात नाही. तो वर जातो फक्त मोठ्या टायरने, तेही टायरच्या वाढीच्या निम्मा. हिशेब पाहा. २१५/७५ आर १५ मापाच्या टायरऐवजी २३५/७५ आर १५ घातला तर व्यास ३० मिलिमीटर वाढतो, पण डबा १५ मिलिमीटरच उचलला जातो. शिवाय मीटरवर ६० दिसताना गाडी ६२ च्या पुढे धावते.

हरवलेली उंची

मग उस्तादांनी फीत काढली. सपाट जागी गाडी रिकामी उभी करून चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत चारही बाजूंनी मोजले. ठोकळे काढून पुन्हा मोजले. शेजारच्या व्यापाऱ्याची त्याच मॉडेलची नवी गाडी आणून तीही मोजली. आमची गाडी मागून दीड इंच बसलेली निघाली. जी उंची आम्ही विकत घ्यायला निघालो होतो, तिच्यातली निम्मी आमचीच हरवलेली होती.

आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले. कमान म्हणजे धनुष्य हे आम्ही लहानपणीच शिकलो. धनुष्य सतत ताणून ठेवले तर त्याचा बाक जातो. आठ वर्षे आम्ही गाडीत ठरल्यापेक्षा जास्त गाठी भरल्या, त्याही सगळ्या मागे. जुने टांगेवाले टांगा उलार होऊ देत नसत, सवाऱ्या पुढे-मागे सरकवून तोल साधत. आम्ही मोटारवाले झालो आणि ती अक्कल विसरलो.

उस्तादांनी मागचे पाटे नवे घातले. जुन्या पाट्यांना पुन्हा बाक देता येतो, पण थंड ठोकून दिलेला बाक टिकत नाही. तापवून दिला तर तेलात विझवून नंतर पुन्हा बेताचा ताव द्यावा लागतो. हे न केल्यास पाटा एक तर मऊ राहतो, नाही तर कडक होऊन तुटतो. सोबत बुश, शॉकॲब्सॉर्बर आणि यू-बोल्ट नवे घेतले. बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच आवळले. पाचशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळून घेतले. पुढच्या चकत्या काढल्या, अलाइनमेंट केले, दिव्यांचा झोत पुन्हा बसवला. आता गाडी घासत नाही.

तरीही उंच करायचीच असेल तर

कमानी ठीक असूनही गरज भासली तर एक इंचापर्यंतच विचार करावा. त्यासाठी योग्य बाकाचे पाटे आणि त्यांना जुळणारे शॉकॲब्सॉर्बर घ्यावेत. पुढचा आस अखंड आणि कमानीवर असेल तर तिथे ठोकळा कधीही टाकू नये. ब्रेकच्या व्हॉल्व्हची दांडी, रबरी पाइप आणि प्रोपेलर शाफ्टचा कोन तपासल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नये. जादा पाटा टाकल्याने गाडी कडक होते, पण वजन नेण्याची कायदेशीर मर्यादा वाढत नाही.

कायद्याचेही पाहावे लागते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-ए प्रमाणे नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून गाडी एमएच ३१ ची असो, ४० ची असो की ४९ ची, आधी आपल्या आरटीओत लेखी विचारावे. विमा कंपनीलाही लेखी कळवावे. अपघातानंतर तिला बदल दिसला तर दावा अडकू शकतो.

कारागीर बंधूंना आमची एक विनंती आहे. गिऱ्हाईक तीन इंच मागेल, तेव्हा आधी फीत काढा आणि त्याला आकडे दाखवा. ठोकळ्यांचे काम सोडल्याने एका दिवसाची मजुरी जाईल, पण कमानीचे खरे काम मिळेल आणि गिऱ्हाईकही टिकेल. व्यापारी बंधूंनी दोन गाठी कमी भराव्यात आणि एक फेरी जास्त मारावी. आमचे ते तीन इंची ठोकळे आता दुकानात कापडाच्या थप्पीखाली ठेवले आहेत. पावसाळ्यात थप्पीला ओल लागू नये, एवढ्या कामाचे ते नक्कीच आहेत.