जुन्या फोनवर, कॉम्प्युटरवर मेल येईना? हॅक नाही, कुलूप बदललंय. फॉरमॅट मारायच्या आधी हे वाचा

आमच्या डाळिंब गटाच्या कॉम्प्युटरवर मध्यंतरी, ऐन पावसाळ्यात, मेल यायचे बंद झाले. कॉम्प्युटर विंडोज 7 चा, त्यात जुनं आउटलूक. दोन-चार दिवस कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण आपले व्यापारी फोनच करतात. पण परराज्यातल्या एकाने भाव आणि गाडीची तारीख मेलवर पाठवली होती. उत्तर गेलं नाही म्हणून त्याने दुसरीकडून माल भरला. आम्हाला कळलं सहा दिवसांनी, आणि तोवर झाडावरची फळं पावसाने तडकली.

स्क्रीनवर इंग्रजीत एकच पाटी, सर्व्हरशी जोडता येत नाही. एक म्हणाला व्हायरस, दुसरा म्हणाला हॅक झालं. दुरुस्तीवाला म्हणाला, फॉरमॅट मारावं लागेल. मारलं असतं तर आठ वर्षांचे मेल गेले असते आणि मेल तरीही चालू झाला नसता. कारण बिघाड आमच्याकडे नव्हताच. मेल पुरवणाऱ्या कंपनीने दाराचं कुलूप बदललं होतं आणि आमच्याकडे जुनी किल्ली होती.

हे कुलूप म्हणजे काय? मेल मुळात पोस्टकार्डासारखा, वाटेत कुणीही वाचावा असा. म्हणून आपला फोन आणि कंपनीचा सर्व्हर आधी आपसात ठरवून घेतात की बोलणं कोणत्या गुप्त पद्धतीने करायचं. पूर्वी या पद्धतीला एसएसएल म्हणायचे, नंतर टीएलएस. एसएसएल 3.0 आलं 1996 साली, टीएलएस 1.0 आलं 1999 साली, 1.1 आलं 2006 ला, 1.2 आलं 2008 ला आणि 1.3 आलं 2018 ला. म्हणजे आमचा कॉम्प्युटर 1999 च्या कुलपावर चालला होता.

मला पहिल्यांदा वाटलं, नवं कुलूप लावा, पण जुनंही राहू द्या, कुणाचं काय बिघडतं? बिघडतं. 2014 मध्ये गुगलच्या लोकांनी 'पूडल' नावाची एक चोरवाट दाखवून दिली (नाव कुत्र्याच्या जातीचं, पण काम चोराचं). एसटी स्टँडवरच्या फुकट वायफायवर तुम्ही आहात आणि मध्ये कुणी चोर बसलाय असं समजा. तो नव्या पद्धतीचं बोलणं मुद्दाम तोडत राहतो. दोन्हीकडच्या मशीनला वाटतं समोरच्याला नवीन जमत नाही, म्हणून ती खाली उतरत उतरत एसएसएल 3.0 वर येतात. तिथलं कुलूप कच्चं, मग चोर एकेक अक्षर काढून घेतो. म्हणजे फोन नवा असूनही जुनं दार उघडं असल्यामुळे तोही फसतो. टीएलएस 1.0 मधली अशीच एक खोट 2011 मध्येच उघड झाली होती. शेवटी मार्च 2021 मध्ये इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने 1.0 आणि 1.1 दोन्ही मोडीत काढली.

एक गंमत मात्र आहे. एका कंपनीचा सर्व्हर दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरला मेल देतो तेव्हा कुलूप जुळलं नाही तर बऱ्याचदा मेल उघडाच पाठवला जातो. तिथे जुनं कुलूप काढलं तर उलट काहीच कुलूप उरत नाही! म्हणून त्या वाटेवर काही जण जुनं अजून चालू देतात, आणि ते मला पटतं. पण तुमचा पासवर्ड ज्या वाटेने जातो, तिथे कच्चं कुलूप नकोच.

आता आपल्या कामाचं. मेल थांबला की आधी फोनची किंवा कॉम्प्युटरची तारीख बघा. बॅटरी मेलेल्या जुन्या मशीनमध्ये तारीख दहा वर्षं मागे जाते आणि त्यानेही हीच अडचण येते. मग सेटिंगमध्ये 'अबाउट फोन' उघडून अँड्रॉइड कितवं ते पाहा. 5 किंवा वरचं असेल तर 1.2 चं कुलूप चालतं. 4.1 ते 4.4 मध्ये ते आहे, पण आपोआप चालू नसतं, त्यामुळे फोनमधलं साधं ईमेल ॲप अडकतं. तसंही ऑक्टोबर 2023 पासून व्हॉट्सॲपलाही अँड्रॉइड 5 लागतंच, म्हणजे असे फोन आता थोडेच उरले असतील.

विंडोज 7 असेल तर सर्व्हिस पॅक 1 हवा, वर मायक्रोसॉफ्टचा केबी 3140245 हा अपडेट हवा, आणि त्यानंतर रजिस्ट्रीत एक नोंद करावी लागते. हे जाणकाराकडूनच करून घ्या, त्याला हा नंबर दाखवा. आमचं काम एवढ्यावर झालं. एक्सपी असेल तर मेलसाठी त्याचा नाद सोडा.

जुने मेल मात्र आधी पेन ड्राइव्हवर घ्या. 'पॉप' पद्धतीने मेल उतरवत असाल तर ते बऱ्याचदा त्या एकाच कॉम्प्युटरवर असतात, सर्व्हरवर नाही. दुरुस्तीवाल्याच्या हातात मशीन देण्याआधीच हे करा.

पाटीवर 'पासवर्ड चुकीचा' असं येत असेल तर गोष्ट वेगळी. 30 मे 2022 पासून जीमेलने दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून नुसत्या पासवर्डने आत यायला बंदी घातली. त्यासाठी खात्यात दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून 16 अक्षरांचा वेगळा ॲप पासवर्ड काढावा लागतो.

एक चूक आमच्यातल्या एका पोराने जवळजवळ केलीच होती. सेटिंगमध्ये सुरक्षेपुढे 'काही नाही' किंवा 'सगळी सर्टिफिकेटं स्वीकारा' असे पर्याय असतात. ते निवडलं की कधी कधी मेल सुरू होतोही, पण पासवर्ड उघड्यावर जातो. आणि 'तुमचा मेल बंद होणार, इथे पासवर्ड टाका' अशी लिंक आली तर ती चोराचीच समजा.

राग मला कुलूप बदलल्याचा नाही, न सांगता बदलल्याचा आहे. कोण कोणत्या जुन्या पद्धतीने आत येतं हे कंपनीच्या सर्व्हरला नोंदीत दिसतं. तेवढ्याच लोकांना दोन महिने आधी मराठीत एक मेसेज टाकता येतो. आधी एखाद्या दिवशी तासभर जुनं दार बंद करून बघता येतं, म्हणजे ज्याचं अडेल तो फोन करेल. मायक्रोसॉफ्टने जुन्या मशीनवाल्यांसाठी मेलचा वेगळा पत्ता ठेवला होता, ज्याला हवं त्याने स्वतः चालू करून घ्यायचा. त्याने धोका मागणाऱ्यापुरताच राहतो. आमच्या मेलवाल्या कंपनीने यातलं काहीच केलं नाही. एक इंग्रजी सूचना पाठवली होती म्हणे, तीही त्याच मेलवर.

गटाने आता एका सभासदाच्या फोनवरही तेच खातं जोडलंय. रोज संध्याकाळी तो एकदा बघतो.